काश्त्रोने कोकणचा किनारा कसा मोजला

१५३८च्या नोव्हेंबरात पोर्तुगीजांचं आरमार गोव्याहून दीवला निघालं. त्यात दों जुआंव द काश्त्रो हा अडतीस वर्षांचा उमराव होता. मोहीम लढाईची होती, पण वाटेतल्या खाड्या तपासत, त्यांची खोली मोजत, बंदरांची चित्रं काढत तो टिपणं करत गेला. त्यातून ‘गोवा ते दीव’ ही मार्गपोथी तयार झाली. ती छापली गेली थेट १८४३ साली, पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरात.

त्या वेळी मालवणसमोर सिंधुदुर्ग नव्हता. कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं ते १६६४मध्ये. दीपगृहंही नव्हती. निवतीसमोरचे खडक, ज्यांना आज आपण वेंगुर्ला रॉक्स म्हणतो, ते पोर्तुगीज खलाशी ‘जळकी बेटं’ म्हणून ओळखत. अंधारात त्यांच्यावर आदळायचं नसेल तर ते नेमके कुठे आहेत हे ठाऊक हवं. ते कसं ठरवायचं?

पहिली पायरी अक्षांशाची. भरदुपारी सूर्य सर्वांत वर असताना ॲस्ट्रोलॅबने त्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजायची आणि ती नव्वदातून वजा करायची. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी मालवणला ही उंची साधारण साडेपन्नास अंश भरते. म्हणजे उरले साडेएकोणचाळीस. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो, हे तक्त्यात मिळतं. ते वजा केले की राहतात सोळा. मालवणचा अक्षांश सोळा अंशांहून किंचित जास्त आहे.

हिशेब सोपा, पण डोलत्या डेकवर अर्ध्या अंशाची चूक सहज होते. अर्धा अंश म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर. मालवण आणि पणजी यांच्यातलं दक्षिणोत्तर अंतर जवळजवळ तेवढंच आहे. म्हणून जमिनीवर उतरून, पुन्हा पुन्हा घेतलेल्या मापाचं मोल मोठं. रेखांश समुद्रावर अचूक काढण्याचं साधन तेव्हा कोणाकडेच नव्हतं. पण कोकणचा किनारा बराचसा दक्षिणोत्तर धावतो, त्यामुळे इथे अक्षांशानेच पुष्कळ काम भागायचं. बाकीचं होकायंत्रावर.

आणि होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे बोट दाखवत नाही. ती किती ढळते हे शोधायला काश्त्रोजवळ गणिती पेद्रु नुनिश यांनी सुचवलेलं उपकरण होतं: अंश कोरलेली आडवी तबकडी, मधोमध उभा काटा आणि सोबत सुई. सकाळी सूर्य ठरावीक उंचीवर असताना काट्याची सावली कुठे पडते ते टिपायचं. दुपारनंतर सूर्य नेमका त्याच उंचीवर उतरला की पुन्हा टिपायचं. समजा, सकाळची सावली सुईच्या साठ अंश डावीकडे पडली आणि दुपारची पन्नास अंश उजवीकडे. खरी उत्तर या दोन सावल्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे सुईच्या पाच अंश डावीकडे. सुई पाच अंश पूर्वेला ढळली आहे.

सुईच्या ढळण्यावरून रेखांश काढता येईल, अशी तेव्हा अनेकांना आशा होती. लिस्बनहून गोव्याला येताना काश्त्रोने ठिकठिकाणी सुई तपासली आणि तसा सरळ संबंध नाही, हे त्याच्या मापांतून दिसलं. पुढे वसईजवळच्या खडकांत सुई एकाएकी बहकली, तेव्हा त्याने त्याचं कारण खडकातच शोधलं. आज आपण जाणतो की तिथल्या काळ्या पाषाणात लोहयुक्त चुंबकीय खनिज असतं. उपकरणावरही आंधळा विश्वास न ठेवणारा हा माणूस मला त्या शतकातल्या थोर निरीक्षकांपैकी वाटतो.

तिसरी पायरी खोलीची. शिशाचं वजन बांधलेला दोर सोडून पाणी किती वाव आहे ते बघायचं. वजनाच्या बुडाला चरबी लावली की तळाची वाळू, चिखल किंवा शिंपले चिकटून येतात, आणि नांगर तिथे धरेल की नाही ते कळतं. मात्र मालवण किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत दोनेक मीटरांचा फरक पडतो. म्हणून आकड्याशेजारी भरती की ओहोटी हे लिहिलं नाही, तर तो आकडा जहाज बुडवू शकतो. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी तर वाळूच जागा बदलते. तिथे माप कधी घेतलं हेही महत्त्वाचं.

ही मापं निरपेक्ष कुतूहलापोटीच घेतली गेली, असं म्हणता येणार नाही. खाडीचं तोंड माहीत असणं म्हणजे तिच्यावर तोफा रोखता येणं. काश्त्रोनेच १५४६मध्ये दीवचा वेढा मोडला, पुढे तो व्हाइसरॉय झाला आणि १५४८मध्ये गोव्यात वारला. सत्तेसाठी केलेलं ते काम आज आपल्याच किनाऱ्याचा जुना पुरावा ठरलं आहे, आणि त्याची रीत कोणालाही पडताळता येते.

२१ मार्चच्या सुमारास मालवणच्या सपाट वाळूत एक मीटरची काठी सरळ उभी करा. दुपारी पाऊणच्या आसपास तिची सावली सर्वांत आखूड होईल, तेव्हा ती मोजा. ती साधारण २९ सेंटिमीटर भरेल. एवढ्या सावलीचा कोन सोळा अंशांचा, म्हणजेच मालवणचा अक्षांश. एक-दोन सेंटिमीटर चुकलात, तर नकाशावर शंभरेक किलोमीटर सरकाल. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.