सरचू ते पांग : एकट्या सायकलस्वाराचा दिवस

मनाली–लेह रस्त्यावर सायकलस्वाराचा सर्वाधिक कस लागतो तो सरचू ते पांग या टप्प्यात. अंतर 75 किलोमीटरांहून थोडे जास्त, चढ एकूण हजार मीटरच्या आसपास. आकडे म्हणून हे काही फार नाहीत. सह्याद्रीच्या घाटांत सराव केलेला माणूस इतके एका दिवसात सहज मारतो. पण इथे सगळा दिवस चार हजार मीटरच्या वर जातो आणि वाटेत एकही गाव लागत नाही. सरचू आणि पांग ही दोन्ही ठिकाणेसुद्धा रस्ता खुला असेल तेवढ्या महिन्यांपुरती जागी होणारी, तंबू-ढाब्यांची वस्ती.

दिवसाची कठीण बाजू आदल्या रात्रीच सुरू होते. बारालाचा ला ही सुमारे 4,890 मीटर उंचीची खिंड उतरून आलेला सायकलस्वार सरचूला झोपतो, तेही 4,290 मीटरवर. विरळ हवेत झोपेत श्वासाची लय बिघडते. तो मधेच थांबतो आणि माणूस दचकून जागा होतो. पाणी इथे 86 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. भूक मेलेली असते आणि नेमकी याच वेळी पोटभर खाण्याची गरज असते. सकाळी ढाब्यावर ऑम्लेट-पराठे समोर आले की घास घोळत राहतो. तरी ते संपवूनच निघावे, कारण पुढचे गरम जेवण थेट पांगला मिळेल असेच धरून चालावे लागते.

निघायचे पहाटेच. यामागे दोन कारणे आहेत. रस्त्यावरून वाहणारे नाले वितळत्या बर्फाचे असतात. रात्रीच्या गारठ्याने सकाळी ते रोडावतात आणि ऊन चढले की फुगतात. सकाळी घोटाभर असलेले पाणी दुपारी गुडघ्याला लागू शकते. दुसरे कारण वाऱ्याचे. दुपारनंतर दऱ्यांमधून तो इतका जोरात वाहतो की सपाटीवरसुद्धा चढाचा गिअर टाकावा लागतो.

पहिले वीसेक किलोमीटर त्साराप नदीच्या काठाने बरे जातात. मग पूल ओलांडला की गाटा लूप्स सुरू होतात. एकाच डोंगरउतारावर 21 वळणे घेत रस्ता साडेचारशेहून अधिक मीटर वर चढतो. चढ अंगावर येणारा नाही. लादलेले ट्रक चढावेत म्हणूनच तो बांधला आहे. माणूस थकतो तो हवेमुळे. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त उरतो आणि त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासातला प्राणवायू घटतो. एकट्याची सायकल सामानासकट तीस-पस्तीस किलोंची असते, कारण तंबू, स्टोव्ह, अवजारे, जादा ट्यूब-टायर वाटून घ्यायला दुसरे कोणी नसते. सर्वांत हलक्या गिअरवर पायी चालण्याच्या वेगाने पॅडल मारायचे, वळण आले की एक पाय टेकायचा, धाप बसू द्यायची, दोन घोट पाणी प्यायचे आणि पुन्हा निघायचे. घाईने शंभर मीटर जोर केला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि ती धाप बसायला पाच मिनिटे जातात. इथल्या एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. या जागी तहानेने मेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली जाते आणि जाणारे-येणारे त्याच्यासाठी बाटली ठेवतात.

वळणे संपली तरी चढ संपत नाही, आणि मन खचते ते इथे. आधी नकी ला लागते. तिच्यापलीकडे रस्ता व्हिस्की नाल्यापर्यंत खाली उतरतो, म्हणजे कमावलेली उंची गमावतो, आणि मग सुमारे 5,060 मीटरच्या लाचुलुंग लाकडे पुन्हा चढू लागतो.

एकटेपणाचा खरा धोका याच पट्ट्यात आहे. पंक्चर काढता येते, तुटलेली चेन जोडता येते. विरळ हवेची बाधा मात्र डोके दुखणे, मळमळ यांवर थांबत नाही. मेंदूला सूज आली तर विचार मंदावतो, तोल जातो. सोबत कोणी असेल तर त्याला बोलणे अडखळताना ऐकू येते. एकट्याला स्वतःची तपासणी त्याच थकलेल्या मेंदूने करावी लागते. म्हणून नियम आधीच, शुद्ध डोक्याने, ठरवून ठेवणे हाच शहाणपणा आहे: दुपारी बारापर्यंत गाटा लूप्सच्या माथ्यावर पोचलो नाही तर पुढे जायचे नाही, एका रेषेत दहा पावले नीट टाकता आली नाहीत तर पहिल्या ट्रकला हात करायचा. या रस्त्यावरचे ट्रकवाले थांबतात, सायकल टपावर चढवून घेतात. मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नये.

लाचुलुंग लावरून पांगपर्यंतचा उतार अरुंद घळीतून, झिजलेल्या खडकांच्या सुळक्यांखालून जातो. घामाने भिजलेले अंग वाऱ्यात गारठते, बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबले आहेत की नाही तेच कळेनासे होते. उतरायच्या आधीच खिंडीत जाकीट आणि जाड हातमोजे चढवावेत.

पांग सुमारे 4,600 मीटरवर आहे. उंचीच्या बाधेवर खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणे. पण पांगहून मागे जायला लाचुलुंग ला आडवी येते आणि पुढे उतरायला 5,300 मीटरहून उंच टांगलांग ला. त्यामुळे शरीर हवेला सरावले आहे की नाही याचा निर्णय बारालाचाच्या अलीकडेच, केलाँग किंवा जिस्पा इथे दोन रात्री काढून करावा लागतो.