शेजारी कोण असावा?

मुलांनो, तुमच्या इमारतीत किंवा गल्लीत कोण कोण राहते, ते जरा आठवून पाहा. मोठ्या शहरांत एका धर्माचे किंवा एका भाषेचे लोक बहुधा एकाच वस्तीत राहतात. आपली माणसे जवळ असली की धीर वाटतो. पण कधी कधी घर पाहायला गेलेल्या माणसाला नुसते नाव सांगताच नकार मिळतो. मग त्याला नाइलाजाने आपल्याच वस्तीत परतावे लागते.

सिंगापूर शहराने यावर एक उपाय केला आहे. तेथे चिनी, मलाय आणि भारतीय लोक राहतात. १८२२ साली इंग्रजांनी शहराचा आराखडा तयार करवला, तेव्हा प्रत्येकाला वेगळा भाग नेमून दिला. पुढे वस्ती वाढली. हजारो लोक झोपड्यांत राहू लागले. १९६० साली सरकारने गृहनिर्माण मंडळ स्थापन केले. दुसऱ्याच वर्षी बुकित हो स्वी या वस्तीला भीषण आग लागली आणि सुमारे सोळा हजार लोक बेघर झाले. त्यांच्यासाठी मंडळाने झपाट्याने उंच इमारती बांधल्या. आज सिंगापूरमधील चारांपैकी तीन रहिवासी अशा सरकारी इमारतींतच राहतात.

या इमारतींचा तळमजला बहुधा मोकळा असतो. तेथे मुले खेळतात, म्हातारी माणसे गप्पा मारत बसतात. आज तेथे मलाय कुटुंबाच्या लग्नाचा मांडव असतो, तर काही दिवसांनी त्याच जागी चिनी कुटुंबाचा अंत्यविधी चालतो.

पण घरांची खरेदी-विक्री सुरू झाल्यावर लोक पुन्हा आपापल्या माणसांजवळ जाऊ लागले. १९६४ साली या शहरात चिनी व मलाय लोकांच्या दंगली झाल्या होत्या. ती आठवण सरकार विसरले नव्हते. म्हणून १९८९ साली नियम झाला : प्रत्येक इमारतीत प्रत्येक समाजाची घरे ठरावीक प्रमाणातच असावीत. उदाहरणार्थ, चिनी कुटुंबांची घरे शंभरात ८७ पेक्षा जास्त नकोत आणि मलाय कुटुंबांची २५ पेक्षा जास्त नकोत.

नियम चांगला वाटतो ना? पण त्याचा काच कोणाला होतो, तेही पाहा. समजा, एखाद्या इमारतीत चिनी घरांची मर्यादा पूर्ण झाली आहे. तेथील मलाय किंवा भारतीय माणसाला घर विकायचे आहे. शहरात चिनी लोकच सर्वांत जास्त. पण त्यांना तो घर विकू शकत नाही. गिऱ्हाइके थोडी, म्हणून किंमतही कमी येते. म्हणजे ज्यांची संख्या थोडी, त्यांनाच तोटा! ही तक्रार अनेक वर्षे होत राहिली. अखेर २०२२ पासून, फारच अडचण असेल तर असे घर मंडळ स्वतः विकत घेऊ लागले. नियम मात्र अजून तसाच आहे.