मोठ्या पंपातून थोडे पाणी

कुळागरात पोफळीवर बोर्डो मिश्रण मारण्यासाठी घेतलेला एचटीपी पंप मिरचीच्या रोपांवर चालवता येईल काय, असे पुष्कळ शेतकरी बांधव विचारतात. येईल, पण गनचा कॉक अर्धवट आवळून पाणी कमी करण्याची सवय आधी सोडली पाहिजे.

विहिरीवरच्या पंख्याच्या पंपाचा व्हॉल्व्ह थोडा बंद केला तर तो पंप ते सोसतो. दट्ट्याच्या पंपाचे तसे नाही. दट्ट्या प्रत्येक फेऱ्याला ठरलेले पाणी पुढे ढकलणारच. वाट मिळाली नाही तर दाब चढतो आणि नळी, जोड किंवा पॅकिंग यांपैकी जे कच्चे असेल ते फुटते. ओढीची नळी आवळणे तर त्याहून वाईट. पंप उपाशी राहतो, खडखडतो, आणि आतून खराब होतो.

म्हणून नको असलेल्या पाण्याला परतीची वाट द्यावी. समजा, पंप मिनिटाला 30 लिटर पाणी देतो आणि आपल्या दोन नोझलना प्रत्येकी 1 लिटर हवे. उरलेले 28 लिटर रेग्युलेटरमधून परतीच्या नळीने पिंपात आले पाहिजे. या नळीवर कॉक कधीही बसवू नये व तिला मुरड पडू देऊ नये. परतीच्या पाण्याने औषध ढवळले जाते, हा फायदाच. मात्र पिंप 200 लिटरचे असावे. 20 किलो दाबाला 10 लिटरच्या बादलीतले पाणी पाऊण मिनिटाला सुमारे एक अंश तापते.

पाणी कमी करण्याचा खरा उपाय नोझलच. छिद्राचा व्यास अर्धा केला तर त्याच दाबाला पाणी सुमारे चौथाई येते. नुसता दाब उतरवून भागत नाही. पाणी निम्मे करायला दाब 20 किलोवरून 5 किलोवर आणावा लागतो, आणि मग थेंब जाड पडून पानावरून ओघळतात. छिद्र बारीक झाले की गाळणीही तितकी बारीक हवी, नाहीतर चुन्याचे कण अडकून निम्मा दिवस तार घालण्यात जातो.

रोज थोडेच पाणी लागत असेल तर पंपाची पुली मोठी बसवून फेरे कमी करावेत. फेरे निम्मे, पाणी निम्मे. पंपाच्या पुस्तकात दिलेल्या किमान फेऱ्यांखाली मात्र जाऊ नये, कारण आतले तेल सर्वत्र उडत नाही.

औषध घालण्यापूर्वी साध्या पाण्यावर पंप चालवून प्रत्येक नोझलखाली एक मिनिट मापाचे भांडे धरावे. वाफ्याला किती औषध जाईल ते तेव्हाच कळते.

नोझल तुंबले तर पंप बंद करून, गन दाबून दाब उतरवावा, मगच ते खोलावे. छिद्रावर बोट ठेवू नये. जोराची धार कातडीत शिरली तर वर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखतही नाही; पण आत औषध गेलेले असते. तेव्हा घरी हळद लावून बसू नये. तत्काळ मोठे इस्पितळ गाठावे आणि औषधाच्या डब्यावरचे लेबल सोबत न्यावे.