उष्टावण आणि त्यापुढील घास

बी केव्हा पेरावे हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. वापसा येण्यापूर्वी पेरले तर ते कुजते, ओल उडाल्यावर पेरले तर उगवण विरळ होते. तान्ह्या लेकरास पहिला घास देण्याचीही अशीच वेळ असते; परंतु ती आम्ही रूढीवर वा सवडीवर सोडतो.

परभणी जिल्ह्यात पुष्कळ घरी मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, तर मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करतात. वैद्यकशास्त्र हा भेद मानीत नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सुमारे १८० दिवस, आईचे दूधच पुरेसे असते; वरचे पाणी किंवा घुटी नको. घाई केल्यास दूध पिणे घटते व हगवणीचे भय वाढते. उशीर केल्यास जन्मतः साठलेले लोह संपत येते, आणि आईच्या दुधात लोह अल्पच असते. ह्यास्तव सातबारा जपून ठेवणाऱ्याने लेकराच्या जन्मतारखेची नोंदही तितकीच जपावी आणि दिवस मोजावेत.

परंतु खरी हयगय उष्टावणानंतर होते. खिरीचे बोट जिभेस लागते, पंगत उठते, आणि दुसऱ्या दिवसापासून लेकरू पुन्हा केवळ दुधावर व वरणाच्या निवळीवर राहते. निवळीने पोट भरते, अंग भरत नाही. लेकराचे पोट लहान असल्यामुळे अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट असावे. आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा द्यावे. हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत वाढवावे. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा द्यावे. आईचे दूध दोन वर्षे वा अधिक काळ चालू ठेवावे. मध वर्षाच्या आत मुळीच देऊ नये.

ह्यासाठी बाजारचा डबा नको. ज्वारीच्या मऊ शिजविलेल्या कण्या, मुगाची डाळ, चमचाभर तूप, घोटलेली पालेभाजी, पिकलेले केळे आणि चालत असल्यास अंडे, एवढे पुरे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ साली 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण प्रसारित केला. त्याच्या किलोभर धान्यात लोह सुमारे ४५ व जस्त ३२ मिलिग्रॅम असते. नेहमीच्या वाणांत हीच प्रमाणे सुमारे ३० व २० असतात. तथापि एकट्या ज्वारीवर भिस्त ठेवू नये. वरणात लिंबाचे चार थेंब पिळल्यास धान्यातील लोह अंगी अधिक लागते.

कणगीत धान्य असूनही लेकरू रोडावते, ह्याचे एक कारण आईस उसंत नसणे हे होय. कापसाची वेचणी किंवा ज्वारीची काढणी चालू असता ती सकाळीच शेतात जाते, आणि घास भरविण्याचे काम थकलेल्या आजीवर किंवा अजाण बहिणीवर पडते. म्हणून आमचे शेतकरी बंधूंस सांगणे एवढेच की, घरच्या सुनेस आणि रोजाने येणाऱ्या बाईसही लेकरास जवळ घेण्यासाठी दिवसातून दोनदा सवड द्यावी व त्याचा रोज कापू नये. दरमहा अंगणवाडीत लेकराचे वजन करवून पाहावे. सुगीच्या धांदलीत बैलांची वैरण कोणी विसरत नाही. लेकराच्या वाटीचा विसरही पडू देऊ नये.