गाडीच्या पोटातलं तेल

एरंडोल-पारोळ्याकडचे शेतरस्ते ज्यांनी पाहिलेत, त्यांना मोटारसायकलीचे हाल वेगळे सांगायला नकोत. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात गच्च बसते, उन्हाळ्यात तीच पिठासारखी उडते. परदेशात चिखलातून पळवायला खास गाड्या बनवतात. आपल्याकडे ते काम शंभर सीसीची साधी गाडी दुधाच्या कॅन लटकवून मुकाट्यानं करते.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक इंजिन हळूहळू खेड्यात पोचलं. जुन्या राजदूतच्या पेट्रोलातच तेल मिसळावं लागे, ते जळून जाई. नव्या इंजिनात तेल वेगळं, पोटात साठवलेलं. पेट्रोल भरा आणि विसरा, असा तेव्हाच्या जाहिरातीचा सूर होता. लोक तेलही विसरले!

आमच्याकडे दूध घालणाऱ्या दादांची गाडी मागच्या उन्हाळ्यात भर रस्त्यात जाम झाली. पोटात तेल निघालं जेमतेम पेलाभर. ‘गळत तर नव्हतं,’ दादा म्हणाले. मिस्त्री म्हणाला, ‘गळत नव्हतं भाऊ, जळत होतं.’ पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तेल वर चढून जळतं. जमिनीवर थेंबही दिसत नाही. इंजिन खोलण्यात दादांची कित्येक दिवसांची दुधाची कमाई गेली.

म्हणून तेल बदलण्याइतकंच ते मधूनमधून पाहणं महत्त्वाचं. स्प्लेंडरसारखी गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि तेवढाच वेळ थांबा, म्हणजे वर गेलेलं तेल खाली उतरतं. डिपस्टिक काढून पुसा, आटे न फिरवता नुसती टेकवा आणि पुन्हा काढून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका; काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. नाल्यातून गाडी घालणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

तेल बदलताना इंजिन कोमट असावं, म्हणजे गाळासकट सगळं निथळतं. फार तापलेलं मात्र नको, हात भाजतो. खालचा बोल्ट काढा, तेल पूर्ण उतरू द्या, वायसर नवा घाला. बोल्ट आवळताना जोर दाखवू नका. ॲल्युमिनियमचे आटे गेले की तेलापेक्षा मोठा खर्च. स्प्लेंडरमध्ये साधारण ९०० मिली तेल बसतं. बाकी गाड्यांचं माप पुस्तिकेत पाहा. किलोमीटरचा हिशेबही तिथंच असतो, पण धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच बदललेलं बरं. भरल्यावर पुन्हा पट्टी पाहायची.

स्वस्त मिळालं म्हणून कारचं तेल ओतू नका. या गाड्यांत क्लचच्या प्लेटा याच तेलात बुडालेल्या असतात; काही कारतेलांनी त्या घसरतात, इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ अशी खूण बघून घ्या.

राहिलं काढलेलं तेल. पूर्वी बैलगाडीला लटकणाऱ्या नळ्यात एरंडेलाचं वंगण असे, ते मातीत सांडलं तरी जिरून जाई. हे तसं नाही. बांधावर ओतलं तर पावसाबरोबर विहिरीकडे जातं. जुन्या डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या पिंपात रिकामं करा. गोळा करणारे तिथून ते शुद्धीकरणासाठी विकत नेतात.