कोलॅजेनची पावडर आणि त्वचेचं वय

औषधांच्या दुकानात कोलॅजेनचे डबे आता दर्शनी फळीवर आले आहेत. रोज चमचाभर पावडर पाण्यातून घ्या, त्वचा ओलसर राहील, सुरकुत्या कमी होतील, असा त्यांचा दावा. तो कितपत खरा?

कोलॅजेन हे आपल्या शरीरात सर्वाधिक असलेलं प्रथिन. त्याच्या तीन साखळ्या दोरासारख्या एकमेकींभोवती पीळ घेतात, हे १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी दाखवलं. त्वचेचा ताठपणा या धाग्यांमुळे. वयाबरोबर ते घटतात, रजोनिवृत्तीनंतर अधिक वेगाने. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्यांना तोडणारी विकरं वाढतात.

खाल्लेलं कोलॅजेन थेट चेहऱ्यावर जाऊन बसत नाही. पचनात त्याची अमिनो आम्लं होतात, काही छोटे तुकडे रक्तात पोचतात. हे तुकडे त्वचेतल्या पेशींना नवं कोलॅजेन बनवायला चालना देतात, असं उत्पादक सांगतात. २०१४ मध्ये जर्मनीत ६९ स्त्रियांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत त्वचेची लवचिकता वाढलेली दिसली. ओलाव्यातला फरक मात्र ठोस नव्हता.

२०२५ मध्ये अशा २३ चाचण्या, एकूण १,४७४ माणसं, एकत्र तपासली गेली. सरसकट पाहिलं तर ओलावा, लवचिकता, सुरकुत्या या तिन्हींत सुधारणा दिसली. पण कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा फायदा उरलाच नाही. उत्तम दर्जाच्या चाचण्यांतही तेच. म्हणून जाहिरातीत ‘संशोधनाने सिद्ध’ असं वाचलं, की खर्च कोणी केला हे विचारायलाच हवं.

शाकाहारी वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: बाजारातलं कोलॅजेन मासे, गुरं किंवा डुकरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. शरीराला स्वतःचं कोलॅजेन घडवायला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं. ही दोन्ही डाळी, अंडी, आवळा, पेरू यांतून मिळतात.

त्वचेचं म्हातारपण लांबवण्याचा भक्कम पुरावा सनस्क्रीनच्या बाजूने आहे. ऑस्ट्रेलियातल्या नँबूर इथे ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत वार्धक्याच्या खुणा २४ टक्के कमी आढळल्या. तेव्हा महागड्या डब्यावर पैसे घालण्याआधी सनस्क्रीन, छत्री आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा, आणि तंबाखू, सिगारेट सोडा.