उच्च आयएसओवरील नॉइजचे परीक्षण

उच्च आयएसओवरील नॉइजचे परीक्षण म्हणजे मंद प्रकाशात, संवेदनशीलतेचा आकडा वाढवून टिपलेल्या डिजिटल छायाचित्रात मूळ दृश्यात नसलेले कण व रंगीत ठिपके किती उमटतात आणि दृश्यातील बारकावे किती टिकतात, हे तपासण्याची पद्धत होय. कॅमेऱ्यावरील आयएसओचे आकडे 'आयएसओ १२२३२' या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेले असतात.

कारणे

संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशकणांची (फोटॉनांची) संख्या सतत कमी-अधिक होत असते. हा चढउतार सरासरी संख्येच्या वर्गमूळाइतका असतो. एखाद्या चित्रबिंदूत १०,००० फोटॉन नोंदले गेल्यास चढउतार सुमारे १००, म्हणजे १ टक्का असतो. १०० फोटॉन नोंदले गेल्यास तो १०, म्हणजे १० टक्के होतो. त्यामुळे नॉइजचे मुख्य कारण आयएसओचा आकडा नसून प्रकाशाची कमतरता हे आहे. आयएसओ वाढवल्याने अपुरी नोंद केवळ उजळ होते. कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक मंडलातून येणारा नॉइज त्यात भर घालतो व तो गडद भागांत अधिक जाणवतो.

परीक्षणाची पद्धत

तुलना करावयाच्या कॅमेऱ्यांसाठी प्रकाश, छिद्रमान व उघडझापेचा वेग समान ठेवतात. कारण निरनिराळ्या कॅमेऱ्यांतील समान आयएसओ आकड्यांवर प्रत्यक्ष उजळपणा तंतोतंत सारखा असेलच असे नाही. चित्रे 'रॉ' स्वरूपात साठवतात, कारण जेपेग चित्रात कॅमेऱ्याने स्वतःच नॉइज पुसलेला असू शकतो. २४ व ४८ मेगापिक्सेलची चित्रे एकाच अंतिम आकारात आणून पाहतात. पडद्यावर शंभर टक्के मोठी करून केलेली तुलना अधिक चित्रबिंदूंच्या कॅमेऱ्यावर अन्याय करते. संवेदकाचा आकारही विचारात घेतात. ३६ × २४ मिमी संवेदकाचे क्षेत्रफळ २३.५ × १५.६ मिमी संवेदकाच्या सुमारे २.४ पट असते.

उदाहरण : अजिंठा

महाराष्ट्रातील अजिंठा लेणी १९८३ पासून जागतिक वारसास्थळ आहेत. भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी तेथे फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. क्रमांक १, २, १६ व १७ यांसारख्या चित्रांकित लेण्यांत प्रकाश मंद असल्याने हातात धरलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्र घेताना आयएसओ वाढवावा लागतो. ही चित्रे मातीच्या गिलाव्यावर रंगविलेली असून गिलाव्याचा खरबरीतपणा, तडे व उडालेला रंग हेही त्यांच्या आजच्या स्थितीचे पुरावे आहेत. नॉइज कमी करणारी प्रणाली वाजवीपेक्षा अधिक वापरल्यास भुवईची बारीक रेषा किंवा केसासारखा तडा नॉइजबरोबरच पुसला जातो. उलट, नॉइजचे कण गिलाव्याचे कण म्हणून वाचले जाण्याचाही धोका असतो.

खरा कण ओळखण्यासाठी कॅमेरा न हलवता एकाच भागाची दोन छायाचित्रे घेतात. गिलाव्याचा कण दोन्हींत त्याच जागी राहतो, तर यादृच्छिक नॉइज जागा बदलतो. अशा चार छायाचित्रांची सरासरी काढल्यास यादृच्छिक नॉइज निम्मा होतो व बारकावे टिकतात.

मूल्यमापन

गुळगुळीत दिसणारे चित्र चांगलेच असते असे नाही. म्हणून सपाट राखाडी पट्टीवरील नॉइजच्या मोजणीबरोबर बारीक पोत, गडद भाग व रंगांची अचूकता यांचीही तपासणी आवश्यक ठरते. अभिलेखनासाठी घेतलेल्या छायाचित्रांत थोडा नॉइज राहिलेला चालतो. पुसला गेलेला तपशील मात्र त्या छायाचित्रातून परत मिळवता येत नाही. यासाठी मूळ रॉ प्रत जपून ठेवतात.